गाठ काढताना आणखी काय निघतं

(सोयगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या या मंचावर आजवर शेती, सहकार, संतवाङ्मय, शिवकाल असे विषय झाले. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "अंडाशयातली चॉकलेटची गाठ, तिचं ऑपरेशन आणि त्यानंतर मूल होण्याची शक्यता." फोनवर जरा वेळ कुणीच बोलेना. मग ते म्हणाले, "मॅडम, पत्रिकेत काय छापू?" पत्रिकेत 'स्त्रियांचे आरोग्य' असं छापलंय. चालेल. पण बोलणार आहे मी गाठीवरच. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. तुमच्यासाठीही एक तपासणी आहे, ती पुढे सांगते.

आधी आजार काय तो सांगते. गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, गर्भ राहिला नाही की सुटतं आणि पाळी येते. काही जणींच्या पोटात त्याच जातीचं अस्तर पिशवीच्या बाहेर रुजतं: अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्याला लागून. तेही पाळीच्या हिशेबाने रक्त सोडतं. पण त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. ते आतच साचतं, सुजवतं, अवयव एकमेकांना चिकटवतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या दर १० स्त्रियांमागे एकीला, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे. त्यातल्या बऱ्याच जणींच्या अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ होते. आतलं रक्त घट्ट, काळपट तपकिरी होतं, म्हणून चॉकलेट सिस्ट. अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२१ मध्ये या गाठींचं सविस्तर वर्णन केलं. पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि तिथे हे अस्तर रुजतं, असा तर्क त्यांनी पुढे १९२७ मध्ये मांडला. रक्त उलटं जाणं बहुतेक बायकांत होतं; आजार मात्र थोड्यांनाच का होतो, हे कोडं शंभर वर्षांनंतरही पूर्ण सुटलेलं नाही. मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराचा आणि त्यामागच्या अनुवंशाचा अभ्यास हाती घेतला गेला.

पाळीत पोरगी पोटाला उशी लावून पडली की आपल्याकडे काय म्हणतात? "सगळ्यांचंच दुखतं." मग "लग्न झालं की राहील." मग "एक बाळंतपण झालं की राहील." मेडिकलवरून गोळी आणायची, वेचणी चालू असेल तर दवाखाना दिवाळीनंतर. दुखणं सुरू झाल्यापासून आजाराला नाव मिळेपर्यंत सात-आठ वर्षं जाणं ही जगभरचीच रड आहे; आपल्याकडे त्यात डोंगर आणि एस.टी. यांची भर पडते. लग्नाला दोन-तीन वर्षं होतात, दिवस राहत नाहीत, कुणीतरी सोनोग्राफीला पाठवतं. पाचोरा, जळगाव, सिल्लोड नाहीतर थेट संभाजीनगर. रिपोर्टात येतं: डाव्या अंडाशयात पाच सेंटिमीटरची गाठ. आणि घरात एकच वाक्य फिरू लागतं, "गाठ आहे तर काढून टाकू."

आज मला या एका वाक्यावरच बोलायचंय.

साधी पाण्याची गाठ असते तशी ही गाठ अंडाशयाच्या पोटात वेगळी पिशवी करून बसलेली नसते. ह्यूजेस्डन नावाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये या गाठी असलेली अंडाशयं कापून, पातळ पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बहुतेक ठिकाणी त्यांना दिसलं ते असं: अंडाशयाचा वरचा थरच आत दुमडला गेलाय आणि त्या खळग्यात रक्त साचलंय. म्हणजे गाठीची भिंत ही बऱ्याच अंशी अंडाशयाचीच साल असते. आणि स्त्रीबीजं असतात कुठे? त्याच वरच्या पातळ थरात. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे लगेच कळेल. रानातली वरची काळी माती खड्ड्यात खचली, वर पाणी साचलं, आणि आपण ते डबकं साफ करायला जेसीबी लावला, तर पाण्याबरोबर काळी मातीही जाणारच. किती जाईल, हे जेसीबी चालवणाऱ्याच्या हातावर आहे.

ही माती नवी तयार होत नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येते तेव्हा दहा ते वीस लाख. पहिली पाळी येईपर्यंत तीन-चार लाख. त्यातली साधारण चारशेच आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरतात. पुरुषाच्या शरीरात बीज रोज नवं तयार होतं, बाईच्या शरीरात होत नाही. म्हणून तिच्या अंडाशयावर चालणाऱ्या प्रत्येक सुरीचा हिशेब वेगळा लावावा लागतो.

ऑपरेशन कसं होतं ते जवळून सांगते. बेंबीजवळ छोटं छिद्र, त्यातून दुर्बीण, बाजूला दोन-तीन छिद्रांतून हत्यारं. पडद्यावर अंडाशय दिसतं, मागे पिशवीला नाहीतर आतड्याला चिकटलेलं. ते सोडवतानाच बऱ्याचदा गाठ फुटते आणि काकवीसारखं दाट, तपकिरी रक्त बाहेर येतं. ते ओढून, धुऊन घ्यायचं. मग गाठीच्या कडेला आतली भिंत आणि अंडाशय यांच्यामधला पापुद्रा शोधायचा. दोन चिमट्यांनी दोघांना विरुद्ध दिशेने हळूहळू ओढायचं. पापुद्रा बरोबर सापडला तर पांढुरकी भिंत सुटत जाते, रक्त फार येत नाही. पण अंडाशयात जिथून रक्तवाहिन्या शिरतात त्या बुडापाशी आलं की ती चिकटून बसते. पांढऱ्याचं लाल दिसायला लागतं, रक्त झिरपतं. इथेच सर्जनची परीक्षा असते. विजेच्या चिमट्याने जाळलं की रक्त पाच सेकंदांत थांबतं, धूर निघतो, पडदा स्वच्छ. पण त्या उष्णतेने आजूबाजूची बीजंही भाजतात, शिवाय अंडाशयाचा रक्तपुरवठाही कमी होतो. त्याऐवजी दाबून धरायचं, पाणी मारून नेमकी रक्तवाहिनी शोधायची, गरज पडली तर बारीक टाका घालायचा. याला वीस मिनिटं जास्त लागतात. बिलात ती दिसत नाहीत.

काढलेली भिंत तपासणीला जाते. आठवड्याने पॅथॉलॉजीचा कागद येतो. त्यात 'कॅन्सर नाही' एवढी ओळ सगळे वाचतात आणि फाईल पिशवीत जाते. त्याच कागदात खाली कधी कधी लिहिलेलं असतं की नमुन्यात अंडाशयाचा भाग आणि काही बीजपुटिकाही आढळल्या. इटलीतल्या मुझी यांच्यासारख्या डॉक्टरांनी २००२ ते २००५ च्या सुमारास हेच नीट तपासून दाखवलं: भिंत सोलताना तिच्याबरोबर अंडाशयाचा चांगला भागही येतो, आणि बुडाजवळ तर त्यात जिवंत बीजपुटिका असतात. चांगल्या सर्जनच्या हातूनही येतो. निष्काळजीपणा झाला म्हणूनच येतो असं नाही. गाठीची घडणच तशी आहे.

किती नुकसान होतं? अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी एक रक्ततपासणी आहे, एएमएच. २०१२ मध्ये रफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ अभ्यासांतल्या २३७ स्त्रियांचे आकडे एकत्र केले. ऑपरेशननंतर एएमएच सरासरी ३८ टक्क्यांनी खाली आलेलं दिसलं. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर फटका आणखी मोठा बसतो. दोन्हीकडच्या गाठी काढल्यावर अंडाशयं पूर्ण बंदच पडली, तरुणपणीच पाळी गेली, असंही होतं. इटलीतल्या एका अभ्यासात हे प्रमाण २.४ टक्के होतं. आकडा लहान वाटतो, पण पंचविशीत पाळी जाणाऱ्या मुलीसाठी तो शंभर टक्के असतो.

आता हे ऐकून कुणी घरी जाऊन "ऑपरेशन नकोच, मॅडमनी सांगितलंय" असं म्हणू नका. गाठ तशीच ठेवणंही फुकट नाही. गाठीतल्या जुन्या रक्तातलं लोह भोवतालच्या ऊतीला सतत चटके देतं. संशोधकांनी गाठीच्या आसपासची अंडाशयाची साल तपासली, तेव्हा तिच्यात बीजपुटिका आधीच विरळ झालेल्या दिसल्या. चार सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठींतही हे दिसलं. तुर्कस्तानात ऑपरेशन न केलेल्या बायकांवर सहा महिने लक्ष ठेवलं गेलं. गाठ असलेल्यांचं एएमएच सुमारे २६ टक्क्यांनी घसरलं, त्याच वयाच्या निरोगी स्त्रियांचं सुमारे ७ टक्क्यांनी. म्हणजे गाठही खाते आणि सुरीही खाते. प्रश्न असा की या बाईच्या बाबतीत कोण जास्त खाईल.

नैसर्गिकरीत्या दिवस राहावेत असा प्रयत्न असेल, तर ऑपरेशनच्या बाजूने बोलणारा पुरावा आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेरेट्टा यांनी काही बायकांची गाठ भिंतीसकट काढली, काहींची फक्त रिकामी करून भिंत जाळली. दोन वर्षांत पहिल्या गटात ६६.७ टक्के बायकांना दिवस राहिले, दुसऱ्यात २३.५ टक्क्यांना. दुखणंही पहिल्या गटात जास्त काळ शांत राहिलं. म्हणून "सुई घालून नुसतं पाणी काढून घ्या" हा सल्ला कुणी दिला तर जरा थांबा. ती गाठ बहुधा पुन्हा भरते आणि सुईतून जंतू गेले तर पू होतो. पण या चाचणीत ऑपरेशनची तुलना दुसऱ्या ऑपरेशनशी होती, 'काहीच न करणं' याच्याशी नव्हती. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचा विचार असेल तर चित्र पार बदलतं. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नातून हर्षाचा जन्म झाला. शास्त्रीय कागदपत्रांसह नोंदलेलं ते देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. म्युनिसिपालटीचं रुग्णालय आणि सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं, हे आज लाखालाखांच्या पॅकेजच्या काळात आठवून ठेवण्यासारखं आहे. या उपचारात इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पिकवायची, सुईने बाहेर काढायची आणि प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा. पूर्वी आम्ही डॉक्टर सर्रास सांगायचो, "आधी गाठ काढा, मग टेस्ट ट्यूब." चार सेंटिमीटरच्या वर गाठ असली की काढायची, असा दंडकच होता. पुढे तुलना करून पाहिली गेली. तुर्कस्तानातल्या २००६ च्या चाचणीत आधी गाठ काढलेल्या बायकांना इंजेक्शनं जास्त दिवस लागली, बीजं कमी मिळाली, आणि दिवस राहण्याचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं की टेस्ट ट्यूबचं यश वाढावं एवढ्यासाठी सरसकट गाठ काढू नये. दुखणं असह्य असेल, किंवा गाठीमुळे बीजांपर्यंत सुई पोचत नसेल, तर काढावी.

आमच्या ओपीडीत हा संवाद अनेकदा होतो. सून फाईलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, सासूबाई बोलतात.

"मॅडम, गाठ काढून टाका म्हणजे डोक्याचा ताप गेला."

"मावशी, हिचं दुखतं का पाळीत?"

सून मान हलवते. नाही.

"लग्नाला किती वर्षं?"

"सहा."

"वय?"

"चौतीस."

"आणि यांची तपासणी झाली?" मी नवऱ्याकडे बघते. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

पुरुष मंडळी, तुमची तपासणी म्हणाले होते ती हीच. मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाच्या बीजाचाही काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, टाका लागत नाही, एक दिवस लागतो. बायकोच्या अंडाशयावर सुरी चालायच्या आधी ती झालीच पाहिजे. नवऱ्याचं बीज फारच कमी निघालं तर टेस्ट ट्यूबशिवाय वाट नाही. मग गाठ काढून बायकोची बीजं कमी करण्यात काय अर्थ?

त्या चौतीस वर्षांच्या बाईला मी ऑपरेशन सांगणार नाही. दुखत नाही, वय पुढे चाललंय, सहा वर्षं वाट पाहून झालीय. तिला एएमएच करायला सांगेन, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतल्या छोट्या बीजपुटिका मोजेन, नळ्या तपासेन. तेवीस वर्षांची, पाळीत कॉलेज बुडवणारी, एका बाजूला सात सेंटिमीटरची गाठ असलेली मुलगी आली तर बहुधा ऑपरेशनच सांगेन. पण आधी एएमएच करून, आणि हा आजार नेहमी हाताळणाऱ्या सर्जनकडे. दोन्ही बाजूंना गाठी असतील आणि साठा आधीच कमी असेल, तर ऑपरेशनपूर्वी बीजं गोठवून ठेवता येतात, हेही तिला सांगायला हवं. २०२१ च्या कायद्याने स्त्रीसाठी या सेवांची वयोमर्यादा २१ ते ५० ठरवली आहे. खर्च मोठा आहे, आपल्या तालुक्यात ही सोय नाही, आणि हे ऐकून बरेच जण उठून जातात. तरीही सांगायचं.

एएमएच कमी आलं म्हणून रडत बसू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, आधी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या सुमारे ७५० बायकांवर लक्ष ठेवलं गेलं. एएमएच कमी असलेल्यांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहण्यात कमी यश आलं नाही. इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील आणि हातात वेळ किती आहे, याचा अंदाज घ्यायला ती तपासणी उपयोगी. नशीब वाचायला नाही.

घाईत अवयव काढण्याचा प्रकार मराठवाड्याने जवळून पाहिलाय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पिशवी काढण्यावर नियम आले. त्या बायकांना कॅन्सरची भीती घातली गेली होती. आपल्या विषयातही तीच भीती वापरली जाते. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी वाढलेली आली की घरात रडारड. ती तपासणी चॉकलेट सिस्टमध्ये वाढते, पोटाच्या क्षयातही वाढते. आणि क्षय आपल्याकडे भरपूर. अंडाशयाजवळची प्रत्येक गाठ चॉकलेटचीच असते असंही नाही. एवढ्या एका आकड्यावर पोट उघडू देऊ नका. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांकडे फाईल दाखवा. दुसरं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

ऑपरेशन झालंच, तर नंतरचे महिने महत्त्वाचे. मूल हवं असेल तर लगेच प्रयत्न सुरू करायचे. वय आणि नळ्या बघून सहा महिने ते वर्षभर, आणि नाही जमलं तर पुढच्या उपचाराला जायचं. या काळात पाळी बंद ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन 'शरीर तयार' करायचं नसतं. त्याने दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही, महिने मात्र जातात. मूल इतक्यात नको असेल तर उलट: याच गोळ्या चालू ठेवायच्या, कारण पाच वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के बायकांत आजार परत येतो. आणि परत आला की दुसरं ऑपरेशन अंडाशयाला पहिल्याहून महाग पडतं.

चिठ्ठ्या आल्या आहेत. बऱ्याच आहेत, आणि नाव एकीवरही नाही, ते बरंच. पहिली घेते. "माझं एका बाजूचं अंडाशय गाठीबरोबर पूर्ण काढलंय. वय सत्तावीस. आता आशा आहे का?"

आहे. दुसरं अंडाशय दर महिन्याचं काम बऱ्याच अंशी सांभाळून घेतं, आणि त्या बाजूची नळी मोकळी असेल तर नैसर्गिकरीत्या दिवस राहू शकतात. एक अंडाशय काढलेल्या स्त्रियांची पाळी सरासरी वर्षभरच आधी जाते, असं नॉर्वेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं. टेस्ट ट्यूबची वेळ आली तर मात्र बीजं कमी मिळतील. म्हणून ताई, तुम्ही तीन गोष्टी करा: ऑपरेशनचा आणि पॅथॉलॉजीचा कागद शोधून ठेवा, उरलेल्या अंडाशयाची सोनोग्राफी आणि एएमएच करून घ्या, आणि यजमानांची तपासणी याच महिन्यात करा. दुसऱ्या बाजूलाही गाठ निघाली, तर ती काढायला लगेच हो म्हणू नका. आधी मला किंवा घाटीत दाखवा.

पुढची चिठ्ठी.